पोलादपूरचा तिठा

विनीत, तो मोबाईल उलटा ठेव. उजेड नको तोंडावर. आकांक्षा, तू भिंतीला टेकून बस, म्हणजे सारखं मागे बघावं लागणार नाही. ही गोष्ट आपल्या भोईवाड्यातल्याच जयवंताची, खालच्या मजल्यावरच्या. खोटी वाटली तर उद्या त्यालाच विचारा. सांगणार नाही तो, पण विचारा.

गेल्या वर्षीची एकोणीस डिसेंबर, शुक्रवार. जयवंताचे वडील लवूतात्या मंगळवारी गेले होते. अस्थी गावच्या नदीत सोडायच्या होत्या, आणि गाव कणकवलीच्या पुढे. जयवंताने आपली नवी गाडी काढली. मागे त्याची आई शेवंतीकाकू, त्यांच्या मांडीवर लाल फडक्यात बांधलेलं मडकं. काकू बसल्या आणि गाडी टिंग टिंग करायला लागली. आजकालच्या गाड्या मोठ्या शिस्तीच्या, मागच्या माणसानेही पट्टा लावल्याशिवाय गप्प बसत नाहीत. काकूंनी कुरकुरत पट्टा लावला आणि रात्री साडेदहाला दोघं निघाले.

आता आमच्या गावची रीत ऐका. गेलेल्या माणसाला घरी न्यायचं तर वाट सांगत न्यायचं. नदी आली, नाका आला की सांगायचं. गाडी थांबली की थांबतोय म्हणायचं, निघताना चला म्हणायचं. नाहीतर माणूस तिथेच उतरून राहतो. जयवंत बँकेत कॉम्प्युटरवर बसणारा, त्याला एरवी असल्या गोष्टींचं हसू यायचं. तात्यांच्या वेळी मात्र तो हसला नाही. त्याला कारण होतं.

तात्या बारा वर्षांचे असताना पहिल्यांदा मुंबईला निघाले, एकटे, एस्टीने. पोलादपूरला गाडी थांबली. पोर लघवीला उतरलं, आणि गाडी निघून गेली. पोलादपूर म्हणजे तिठा. एक रस्ता वर घाटाने महाबळेश्वरला, एक खाली मुंबईकडच्या सपाटीला, तिसरा तळकोकणात. पोराला कुठला कुठे जातो ते ठाऊक नाही. रात्रभर तिथेच उभं राहिलं, येणाऱ्या प्रत्येक गाडीला रस्ता विचारत. सकाळी कुणीतरी एस्टीत बसवून दिलं. पुढे तात्या गिरणीत लागले, संसार केला, दर गणपतीला गावी गेले, पण पोलादपूरला कधी खाली उतरले नाहीत. चहासुद्धा खिडकीतून घ्यायचे. आम्ही चेष्टा करायचो त्यांची. शेवटच्या आठवड्यात हॉस्पिटलात त्यांनी जयवंताचा हात धरला.

"बाकी खंय पण थांब. पोलादपुराक माका सोडू नको."

"नाही सोडणार, तात्या," जयवंत म्हणाला.

पनवेलला काकू मडक्यावर वाकल्या. "ऐकलात? पनवेल इला." नवऱ्याचं नाव त्या अजूनही घेत नव्हत्या. पेणला सांगितलं, महाडला सावित्रीच्या पुलावर सांगितलं. मग त्यांचे डोळे मिटायला लागले. "आता तू सांग रे," म्हणाल्या आणि झोपी गेल्या.

पोलादपूरला अडीच वाजले. जयवंताचे डोळे चुरचुरत होते, चहा हवाच होता. टपरीसमोर गाडी लावून त्याने मागे वळून नीट सांगितलं, "तात्या, पोलादपूर. पाच मिनिटं थांबतोय." आणि उतरला. चहा अर्धा झाला तेवढ्यात बायकोचा, नम्रताचा फोन. लेकीला ताप चढला होता. औषध कुठलं, डॉक्टर कुठला... बोलत बोलत तो गाडीत बसला. बोलत बोलतच निघाला.

कशेडीच्या बोगद्यात काकू जाग्या झाल्या. त्यांनी मडकं दोन्ही हातांनी उचलून पाहिलं.

"जयवंता, ह्यां हलकां लागता रे."

जयवंताने गाडीचा वेग वाढवला.

"पोलादपुराक 'चला' म्हटलंस मा?"

"म्हटलं," जयवंत म्हणाला.

बोगदा संपल्यावर वळता आलं असतं. वळला नाही. आईसमोर खोटं उघडं पडलं असतं.

अस्थी नदीत सोडल्या. तेरावं झालं. काकू गावीच राहिल्या. अठ्ठावीस तारखेला, रविवारी, जयवंत एकटाच परत निघाला. सोमवारी कामावर जायचं होतं. पोलादपूरला न थांबता पुढे जायचं असं त्याने ठरवलं होतं, पण पाय आपोआप ब्रेकवर गेला. रात्रीचा पाऊण वाजला होता. चहावाल्याने त्याला लगेच ओळखलं.

"तुम्ही त्या रात्रीचे ना? फोनवर बोलत गेलात ते? तुमचा पोरगा राहिला होता की मागे."

जयवंताला एकच मुलगी.

"बारा-एक वर्षांचा," चहावाला म्हणाला. "तुमची गाडी गेली आणि हा तिठ्यावर उभा. तेव्हापासून रोज. गाड्यांना विचारतो, मुंबईचा रस्ता कुठला. जवळ गेलं की..." मान खाली घालून तो ग्लास विसळत राहिला.

जयवंत तिठ्यापर्यंत चालत गेला. कुणी नव्हतं. तिन्ही रस्ते रिकामे.

परत आला. गाडीचं मागचं दार उघडलं. आत वाकला.

"तात्या... चला."

काही नाही. वारा पण नाही.

दार लावलं. पुढे बसला, आपला पट्टा लावला. गाडी सुरू केली.

टिंग. टिंग. टिंग.

त्याने आरशात बघितलं नाही. उतरला. मागचं दार उघडलं. डोळे मिटून, चाचपडत, पट्टा ओढला... खटका बसवला.

गाडी गप्प झाली.

गावाकडे वळायला हवं होतं, हे त्याला कळत होतं. पण दारात जाऊन आईला काय सांगणार? की तुझ्याशी खोटं बोललो, आणि नदीत नुसतं मडकं सोडलं? त्याने गाडी मुंबईकडे घेतली. महाड, पेण, पनवेल, प्रत्येक नाक्यावर रडत रडत सांगत आला.

काकूंचा अजून रोज फोन येतो. परवा मी समोरच बसलो होतो. "हे सपनात पण येनत नाय," म्हणाल्या, "म्हणजे सुखान पोचले." जयवंत हो म्हणाला. मे महिन्यात गावी जाऊन सगळं सांगतो, असं मला म्हणतो. मे येऊन गेला.

गाडी खाली उभी आहे, नळापाशी. मागे तो कुणाला बसवत नाही. पट्टा तसाच लावलेला असतो, मी स्वतः काचेतून बघितलाय. रिकाम्या सीटवरचा पट्टा कसा, सीटला चिकटून बसतो ना? हा चिकटत नाही. पट्टा आणि सीट यांच्यात जागा आहे...

बारा वर्षांचं पोर मावेल एवढी.