शेजारच्या कानात ट्रक

घनश्यामच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मैत्रेयी पाय ठेवते न ठेवते तोच मागून रोशनही आत आला. आर्णीत रविवारी सकाळी उघडी दुकानं असून असून किती असणार? तेव्हा याला योगायोग म्हणायला काही हरकत नाही. मैत्रेयीनेही तसंच म्हटलं, आणि उगाचच ओढणी सारखी केली.

रोशन म्हणजे शेजारच्या इंदुताईंचा भाडेकरू. जिनिंगमध्ये काट्यावर कापसाची वजनं लिहायचा. पोळ्याच्या सुमारास तो राहायला आला, आणि तेव्हापासून या गच्चीवरून त्या गच्चीवर नुसतं बघणं चाललं होतं. बघायचं, हसायचं... आणि आपापल्या जिन्याने खाली उतरायचं. बोलणं म्हणाल तर एकदाच झालं होतं. "नळ आला का?" त्याने विचारलं होतं. "हाव," ती म्हणाली होती. झालं, संपलं!

आता मात्र वेळ उरला नव्हता. मैत्रेयी तलाठ्याची परीक्षा पास झाली होती. फुलसावंगी मिळालं होतं, तिथं खोली बघून झाली होती, आणि उद्या सोमवारी बाबांसोबत सामान घेऊन जाऊन हजर व्हायचं होतं. या माणसाने आजही तोंड उघडलं नाही, तर मग कधी उघडणार? तिने स्वतःच का बोलू नये, असं तुम्ही विचाराल. तिनेही स्वतःला विचारलं होतं. पण पोरगी हट्टी! पहिला शब्द त्याचाच हवा, म्हणजे हवा.

"काय पाहिजे ताई?" घनश्यामने विचारलं.

"वायरलेस हेडसेट. गेमच्या कन्सोलला चालणारा. बाबांसाठी."

"काकाजी गेम खेळतात?" रोशन एकदम बोलून गेला, आणि बोलल्यावर स्वतःच दचकला.

"ट्रक चालवतात," मैत्रेयी म्हणाली.

खरंच चालवायचे. नागोरावांनी जन्मभर एसटी चालवली. रिटायर झाल्यावर कुलरसमोर बसून कंटाळले. मग पुण्याला नोकरी करणारा त्यांचा मुलगा इंद्रजित दिवाळीत आपला जुना कन्सोल घरी ठेवून गेला आणि त्यात सापडला एक ट्रकचा गेम. तेव्हापासून नागोराव जेवण झालं की टीव्हीसमोर बसून परदेशातल्या रस्त्यांवरून माल पोहोचवायला निघत, दर वळणावर हॉर्न मारत. "नोकरीत होते तवा बाहेर तरी चालवत होते," तुळसाबाई कपाळाला हात लावून म्हणायच्या, "आता घरातूनच ट्रक जाऊन राह्यला!" आपण गेल्यावर आईच्या डोक्याला तेवढीच शांतता, म्हणून हेडसेटची ही खरेदी.

"हॉर्न मायाकडेही ऐकू येते," रोशन म्हणाला.

"मग सांगायचं ना."

"सांगणार होतो..."

"काय?" मैत्रेयीने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. आता बोल बाबा, आता बोल —

"काही नाही... चांगला वाजवतात."

धन्य आहे! मैत्रेयीने डबा उचलला आणि तो वाचायचं नाटक सुरू केलं.

"अन् तुम्हाले काय दाखवू?" घनश्यामने रोशनला विचारलं.

रोशनने दुकानभर नजर फिरवली. "मले? हे... हेच."

तर एकाच कंपनीचे दोन हेडसेट काउंटरवर आले. आता आमच्याकडची रीत अशी, की साधा बल्बसुद्धा दुकानात पेटवून बघितल्याशिवाय कोणी घरी नेत नाही. घनश्यामने दोन्ही डबे फोडले, हेडसेट काढले, त्यांच्यासोबतचे बोटाएवढे डोंगल लॅपटॉपला लावून आवाज दाखवला, आणि बोलता बोलता ज्याचं त्याचं सामान ज्याच्या त्याच्या डब्यात भरलं. निदान त्याला तसं वाटलं.

जेवणं झाल्यावर मैत्रेयी कन्सोलसमोर मांडी घालून बसली. हेडसेट चार्ज झाला होता. डोंगल कन्सोलच्या पुढच्या खाचेत लावला. सेटिंगमध्ये जाऊन सगळा आवाज हेडसेटवर घेतला. टीव्ही एकदम मुका झाला. तुळसाबाईंनी आतूनच विचारलं, "लाइट गेली का?" पण हेडसेटवरचा बारीक दिवा काही स्थिर होईना. लुकलुक, लुकलुक... तिने बटण दाबून पाहिलं, बंद करून पुन्हा चालू केलं, कागदावरची चित्रं उलटीसुलटी करून पाहिली.

"राहू दे बाई," नागोराव म्हणाले. "मी हॉर्न हळू वाजवीन."

"हॉर्न कुठं हळू वाजतो बाबा?"

आणि तेवढ्यात दिवा स्थिर झाला! मैत्रेयीने घाईघाईने हेडसेट कानावर चढवला.

टीव्हीवर ट्रक रिकाम्या रस्त्याने निवांत चालला होता. कानात मात्र धाड धाड गोळ्या सुटत होत्या.

"रोश्या! अबे रोश्या, आवाज येते का माया?" कानात एक पोरगा ओरडला.

मैत्रेयी ताठ झाली. रोश्या?

"त्याचा माईक बंद दिसते ऋतिक," दुसरा म्हणाला. "नवा हेडसेट आहे ना."

"नवा कायले घेतला पण? जुना चांगला होता त्याचा."

"तुले मालूम नाही का? अबे, थे मैत्रेयी दुकानात जाताना दिसली, तं हा मागं मागं गेला. म्हणे आज बोलतोच! अन् बोलाचं सोडून हेडसेट घेऊन आला येडा!"

दोघं खो खो हसले. मैत्रेयीचे कान हेडसेटच्या आत तापून लाल झाले. अगं बाई... म्हणजे तो योगायोग नव्हता तर!

"पोळ्यापासून एकच टॉवेल वाळू घालून राह्यला गच्चीवर," ऋतिक म्हणाला. "उद्या चालली थे. मंग बस म्हणा रडत."

"काय?" मैत्रेयीच्या तोंडून निघून गेलं.

गोळ्या थांबल्या.

"सोनू... पोरीचा आवाज कुठून आला बे?"

"कोण बोलून राह्यलं?" सोनूने एकदम सभ्य आवाजात विचारलं.

"मी... मैत्रेयी."

पलीकडे काहीतरी धपकन पडलं. "मेलो!" ऋतिक ओरडला. "ताई, आम्ही यवतमाळचे. आमचं काही खरं नसते. पण तेवढं... टॉवेलचं खरं आहे."

तिला हसू आवरेना. तिने पटकन हेडसेट काढला आणि मांडीत घट्ट धरून ठेवला. आपण आवडतो त्याला! आवडतो! मग हा माणूस बोलत का नाही?

इतक्यात दारातून आवाज आला. "जय भीम, काकाजी."

रोशन उभा होता. गळ्यात तसाच हेडसेट, हातात डोंगल.

"ये, ये. काय झालं?" नागोराव म्हणाले.

"काही नाही... तुमचा ट्रक माया कानात चालून राह्यला." त्याने चोरून मैत्रेयीकडे पाहिलं. "घनश्यामनं डोंगल अदलाबदल केले वाटते. डोंगलची जोडी आपल्याच हेडसेटसंग जमलेली असते. आपली भिंत एकच ना, म्हणून माया गेमचा, अन् संग खेळणाऱ्या दोस्तांचा आवाज इकडं आला असन. तुमाले... काही ऐकू आलं का?"

"आलं ना," मैत्रेयी गोड आवाजात म्हणाली. "टॉवेल वाळला का तुमचा?"

रोशनचा चेहरा बघण्यासारखा झाला. तो खाली बसला, एक डोंगल काढला, दुसरा लावायला गेला, तर तो उलटाच धरलेला. शेवटी मैत्रेयीनेच त्याच्या हातातून घेऊन लावला. बोटं बोटांना लागली. ती बाजूला घ्यायची दोघांनाही घाई नव्हती.

नागोरावांच्या कानावर हेडसेट चढला. "अरे वा! गाडीत बसल्यावानी वाटते!" ते मोठ्याने म्हणाले आणि दोघांकडे पाठ करून टीव्हीवरचा ट्रक घेऊन निघालेसुद्धा. "चहा घेतल्याबिगर जाऊ नको," तुळसाबाईंनी आतून सांगितलं. खोलीत शांतता झाली. घरात अशी शांतता दिवाळीनंतर पहिल्यांदाच आली होती, आणि ती या दोघांच्याच अंगावर आली.

"ऋतिकच्या तर मी..." रोशन पुटपुटला.

"त्याले काही म्हणू नका. त्यानं सांगितलं तरी. तुम्ही मायासमोर उभं राहून हॉर्नचं कौतुक केलं."

"भेव लागते."

"कायचं? मी काय खाते का?"

"नाही म्हणाल, याचं." त्याने पहिल्यांदा सरळ तिच्याकडे पाहिलं. "रोज ठरवतो. तुम्ही वर आल्या की सगळं विसरून जातो. अन् आता तं तुम्ही सरकारी नोकरीवाल्या. मी काट्यावरचा माणूस. काकाजींले काय वाटन, लोक काय म्हणतीन... म्हणून मंग..."

तो थांबला. मैत्रेयीचा जीव नुसता कासावीस झाला. एवढं जवळ आलेलं गाडं इथंच थांबतं की काय?

"थांबू नका ना," ती हळूच म्हणाली. "मी उद्या सकाळी जाऊन राह्यली."

"थांबू नको म्हणते ना थे!"

दोघंही केवढ्याने दचकले! नागोराव अजून पाठमोरेच होते. पण टीव्हीवरचा ट्रक रस्त्याच्या कडेला उभा होता, इंजिन बंद.

"मी केव्हाची गाडी बाजूले लावून बसलो," ते म्हणाले, "अन् तू अजून पहिल्याच गिअरमध्ये! काट्यावरचा माणूस म्हणे. अरे, मी काय विमान चालवत होतो का? बोल, पुरं बोल."

रोशन उठून उभा राहिला. शाळेत नाव पुकारल्यावर उभं राहतात तसा.

"मैत्रेयी," तो म्हणाला, आणि आवाज फाटला म्हणून पुन्हा म्हणाला, "मैत्रेयी, मले तुम्ही लई आवडता. तुमच्यासंगच लग्न करावं वाटते. अजून कोणाचा विचारच येत नाही मनात."

तुळसाबाई चहाचा ट्रे घेऊन दारात तशाच थबकल्या होत्या. मैत्रेयीच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्याचबरोबर हसूही.

"मलेही," ती म्हणाली. "मलेही तुम्हीच आवडता."

रोशनने मोठा श्वास सोडला. मग चाचरत विचारलं, "मंग... पुढच्या रविवारी येऊ का मी फुलसावंगीले?"

"पुढच्या कायले? उद्याच चला. एवढं सामान खोलीवर कोण चढवीन?"

"जिनिंगवाल्याले सुट्टी मागतो!" तो म्हणाला, आणि खिशातला फोन काढताना त्याच्या हातून दोनदा निसटला.

"मंग मी येत नाही," नागोरावांनी ट्रक चालू करत जाहीर केलं. "मले इकडं माल पोहोचवाचा आहे."