अकरा आकड्या

“हा फोटो आमच्या गोदामातला नाय, एवढंच सिद्ध करून द्या,” असं म्हणत भगीरथने टेबलावर एक झेरॉक्स ठेवली आणि समोर खुर्ची असूनही उभाच राहिला.

शहापुरात पिठाच्या गिरणीवरची ती खोली म्हणजे कुणाली शेलारची तपास कचेरी. गिरणी सुरू झाली की टेबल थरथरायचं, आणि गिऱ्हाईक आलंच तर त्याला दोन-दोनदा बोलावं लागायचं. तिच्याबरोबर हिंडणारे राघोमामा एसटीतले निवृत्त कंडक्टर. घरी बसून सुनेच्या डोळ्यांत खुपण्यापेक्षा हे बरं, असा त्यांचा साधा हिशोब.

“बसा आधी,” कुणाली म्हणाली. “पहिल्यापासून सांगा.”

भगीरथ डोळखांबच्या वरच्या अंगाच्या पाड्यातला. हायवेलगतच्या एका मोठ्या गोदामात त्याने आठ वर्षं काढली, आधी हमालीत, मग मशीनच्या देखभालीत. तिथं एकाच गिऱ्हाइकाचा माल चार कोपऱ्यांतून यायचा आणि तो एका जागी गोळा करता करता माणसांचं कंबरडं मोडायचं. त्यावर त्याने तोड काढली होती. डोक्यावरून मोटरीवर फिरणारी साखळी, साखळीला दोऱ्या, दोऱ्यांना हूक.

“परत्येक गिऱ्हाइकाची दोरी वेगळ्या लांबीची,” तो हातवारे करत म्हणाला. “लांब दोरीचा हूक पहिल्या बुटक्या खुंट्याला अडतो, माल तिथंच पडतो. आखूड दोरीचा त्याच्यावरून निघून जातो आन् पुढच्या उंच खुंट्याला अडतो. ज्याचा माल त्याच्या ढिगात, आपोआप. कॉम्प्युटर नाय, काय नाय.”

“वा रे पठ्ठ्या!” राघोमामांना राहवलं नाही.

भगीरथ हसला नाही. नोकरी सोडून त्याने गेल्या वर्षी पेटंटसाठी अर्ज केला होता. कल्याणच्या एका कारखानदाराने शब्द दिला होता की पेटंट हातात पडू दे, डोळखांबला शेड टाकतो, तुझ्या अख्ख्या पाड्याला बारा महिने काम देतो.

“मंग कोणाला विटेच्या भट्टीवर जायला लागणार नाय, मामा. दिवाळी झाली की घरंच्या घरं जातात.” त्याचा आवाज खाली आला. “आन् आता कंपनीनं हरकत घेतली. म्हंतात, अर्जाच्या वर्षभर आधी हे आमच्या गोदामात चालू होतं, हा फोटो बघा.”

“अर्जाच्या आधी ती वस्तू चारचौघांत वापरली गेली असेल तर पेटंट मिळत नाही,” कुणालीने मामांना समजावलं आणि झेरॉक्स उजेडात धरली.

फोटो खालून कापलेला. वर ताडपत्री, मधे आडवी दोरी, तिला कमी-जास्त लांबीवर लोंबणारे काळे हूक आणि प्रत्येक हुकाच्या वर बांधलेली एक चिंधी. जमीन दिसत नव्हती, माणसं दिसत नव्हती.

“अकरा आहेत,” मामा म्हणाले. गाडीत चढल्यावर डोकी मोजायची जन्माची खोड.

“मामा, आता तिकिटं फाडू नका.” कुणाली भगीरथकडे वळली. “तुमच्या अर्जातल्या नकाशात हुकांवर नंबरच्या पट्ट्या आहेत. इथं चिंध्या का?”

“काय म्हाईत,” भगीरथ म्हणाला आणि खिडकीबाहेर बघू लागला. “तुमी फक्त गोदाम नाय, एवढं सिद्ध करा.”

गोदामाचा सुपरवायझर प्रणित एकेकाळी भगीरथच्या डब्यात जेवणारा माणूस. त्याने कुणाली आणि मामांना थंड पाणी दिलं.

“फोटो मीच काढला. चार नंबरच्या गेटवर ट्रायल होती. आपले आठ रूट, आठ हूक. नंतर काढून टाकलं.”

“कुठलीच खूण नाही ठेवलीत?”

“भंगार कोण ठेवतं मॅडम?”

“भगीरथच्या घरी कधी गेला होतात?”

“छे! डोळखांबच्या पलीकडे मी पाऊल ठेवलेलं नाही.” दारापर्यंत सोडायला येऊन तो आपलेपणाने म्हणाला, “तुम्ही जाणार असाल तर गाडी ओढ्यात घालू नका हां. अलीकडे चिंचेखाली लावा. पुढचा चढ लय बेकार आहे.”

“माणूस बरा वाटला,” स्कूटर सुरू करता करता मामा म्हणाले.

मग मुरबाड. भगीरथचे हूक बनवून देणारा वेल्डर लखमा. नकाशा तूच कंपनीला विकलास का, असं मामांनी सरळ विचारलं तेव्हा तो असा भडकला की हातातली पक्कड आपटली.

“माझ्या पोराच्या वयाचा तो! त्याला विकीन?” मग फोटो हिसकावून दारात गेला आणि बराच वेळ बघत राहिला. “हे माझं काम नाय. वेल्डिंगचा डाग दाखवा कुठं हाय. अवो, हे लोखंडच नाय. लाकूड हाय. आन् हा रंग नाय, हा धूर हाय.”

“लोखंडवाल्याला लाकडातलं काय कळतंय?” बाहेर आल्यावर मामा कुजबुजले. “चोराच्या मनात चांदणं. तोच असणार.”

दुसऱ्या दिवशी सकाळी ते पाड्यावर पोचले. ओढ्याच्या अलीकडे चिंच होती, तिच्याखाली स्कूटर लावली. पुढचा चढ खरंच बेकार निघाला. मामा तीनदा थांबले. वर कापणी उरकून शेतं उघडी पडली होती. मामांनी सवयीने घरं मोजली. अकरा. त्यांतल्या सातांना कुलपं, माणसं आधीच भट्टीवर गेलेली.

भगीरथ दारात वाट बघत होता. त्याची आई राही चुलीपाशी होती. तिने कोरा चहा दिला. चुलीवरचा माळा वर्षानुवर्षांच्या धुराने डांबरासारखा काळा झाला होता, आणि कुणाली त्याच्याकडे इतका वेळ बघत राहिली की तिच्या डोळ्यांत धूर गेला असं मामांना वाटलं.

“मावशी, कापणी कशी करता?” तिने विचारलं.

“सावडीनं. आज याचं, उद्या त्याचं. समदे मिळून.”

“चला, खळ्यावर बसू,” कुणाली म्हणाली. “मला सगळं एकदाच सांगायचंय.”

खळ्याच्या कडेला दोरी ताणायच्या दोन मेढी अजून उभ्या होत्या. भगीरथ उकिडवा बसला.

“फोटो गोदामातला नाही,” कुणाली म्हणाली. “हे सिद्ध करता येईल.”

भगीरथने डोळे मिटले.

“प्रणित म्हणतो आठ रूट, आठ हूक. फोटोत अकरा आहेत. मामांनी पहिल्याच दिवशी मोजले. लखमा सांगतो ते लाकडाचे आहेत, धूर खाल्लेले. गोदामात चूल कुठली? आणि जो डोळखांबच्या पलीकडे कधी आला नाही, त्याला इथला ओढा, चिंच, चढ सगळं ठाऊक आहे. तो इथं जेवायला आला होता, झोडणीच्या दिवसांत. या पाड्यात अकरा उंबरे आहेत. मावशी, माळ्यावरच्या त्या आकड्या जरा आणता?”

राही गेली आणि काळ्या लाकडी आकड्यांचा जुडगा घेऊन आली. प्रत्येकीला वेगळ्या लांबीची दोरी, प्रत्येकीला वेगळी चिंधी.

“वरच्या शेतातून भारे येतात,” ती कौतुकाने सांगू लागली. “समद्यांचे एकात एक. मंग भांडणं व्हायची. म्हनून मी हे केलं, हा भगीरथ रांगत होता तवा. मला नंबर वाचता येत नाय. पन ज्या घरची आकडी, त्या घरच्या लुगड्याची चिंधी. भारा घसरत येतो आन् आपल्याच खुंट्याला पडतो.”

आता कुठं राघोमामांना दिसलं, की ही वस्तू अर्जाच्या कित्येक वर्षं आधीपासून चारचौघांत वापरात होती.

“तुम्हांला हे पहिल्यापासून माहीत होतं,” कुणाली भगीरथला म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. “ज्याची वस्तू चोरीला जाते तो विचारतो, फोटो कुठला, कोणी काढला? तुम्ही एकदाही विचारलं नाहीत. गोदाम नाही एवढंच हवं होतं. मी अर्ध्यावर थांबेन अशी आशा होती.”

“ती आईची दोरी वो,” भगीरथ जमिनीकडे बघत म्हणाला. “तिला मी मशीन कधी म्हटलंच नाय. अर्ज भरताना विचारलं, आधी कुठं वापरलंय का? नाय म्हटलं. खोटं बोलतोय असं वाटलंच नाय. फोटो बघितला तवा कळलं.”

“मोटर त्याची आहे ना?” मामा घाईने म्हणाले.

“दोरीला मोटर लावणं कुणालाही सुचेल, असं ते म्हणतील, आणि ते मानलं जाईल. अर्जात नवं म्हणून मांडलंय ते दोरीच्या लांबीचं.”

“मग थांब ना अर्ध्यावर, पोरी! कोणाला कळणार?”

“मामा, प्रणितने फोटो खालून कापलाय. अख्खा त्याच्याकडे आहे. आपण गोदाम नाही म्हटलं की तो अख्खा बाहेर काढेल. खळं, ढीग, माणसं, सगळं. गोदाम म्हटलं तर वस्तू कंपनीची ठरते, म्हणून ते खोटं बोलले. खळं म्हटलं तर ती कुणाचीच ठरत नाही. भगीरथला दोन्हीकडून नाहीच.”

राहीला इतकंच कळलं की मुलाचं काहीतरी तिच्यामुळे बुडालं. “मी सांगन ना, नव्हतं म्हनून,” ती म्हणाली. “अकरा घरं सांगतील. भगीरथासाठी कोण नाय सांगणार?”

“नको गो आये,” भगीरथ म्हणाला.

कुणालीने झेरॉक्सची घडी घालून पिशवीत ठेवली.

“मंग आता ही दोरी आमाला लावता येल का?” राहीने भीतभीत विचारलं. “का कंपनीवाले पकडतील?”

“खुशाल लावा मावशी. आता कुणी कुणाला अडवू शकत नाही.”

“कंपनी पन लावील?”

“कंपनीही लावेल.”

राहीने मान हलवली. आकड्या एकेक करून गोळा केल्या, चिंध्या झटकल्या. “धुरात ठेवते परत. नायतर कीड लागल.” दोन पावलं जाऊन ती थांबली.

“परवा विटेवाल्याचा ट्रक येनार हाय,” ती मुलाला म्हणाली. “तुझं पन नाव सांगू?”

भगीरथने खळ्यातला एक खुंटा उपटून बाजूला ठेवला.

“सांग,” तो म्हणाला.