नसलेला माळा

शनिवारी दुपारी चर्च झाडायचं काम तेगवेनकडे होतं. बावीस वर्षं ती ते करत होती आणि कुरकुर करायची ती फक्त कावळ्यांच्या नावाने. मेले कुठून कुठून काटक्या आणून प्रत्येक भोकात कोंबायचे.

भोकं तरी किती होती. जाड, चुन्याने सारवलेल्या भिंती आणि मधोमध ओकच्या लाकडाचा पाचशे वर्षांचा नक्षीदार पडदा, वरच्या पट्टीवर कोरलेली द्राक्षाची वेल. पडद्यावर पूर्वी एक माळा होता, त्यावर उभे राहून लोक गात. कुठल्याशा राजाच्या हुकमाने माळा पाडला गेला. उत्तरेच्या भिंतीत लपलेला दगडी जिना तेवढा राहिला. जिना चढून गेलं की एक कमानदार दार, आणि दारापुढे सरळ हवा. तेगवेनने तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं होतं, तिने ती उंची स्वतः मोजली होती. अकरा फूट चार इंच. म्हणून जिन्याच्या खालच्या दाराला कायम कुलूप असे.

तिचा नवरा इथेल मागच्या बाकावर गुडघ्यांवर कांबळं घेऊन बसलेला असायचा. जन्मभर मेंढ्या राखलेला माणूस, तीन वर्षांत त्याची स्मृती मुठीतल्या वाळूसारखी गळून गेली. मुलीचं नाव गेलं, बायकोचंही गेलं. नाताळची गाणी मात्र सगळी शाबूत होती. ऑक्टोबरमध्ये तो अंगणात पडला, खुबा मोडला, आणि डॉक्टरांनी तिला स्पष्टच सांगितलं की आता पुन्हा पडला तर उठायचा नाही. तेव्हापासून ती त्याला नजरेआड होऊ देत नसे.

डिसेंबर लागला तसा तो पडद्याच्या वरच्या रिकाम्या जागेकडे बघून मान डोलवू लागला. कोण आहे तिथे, असं तिने विचारलं, तर काय हा प्रश्न, अशा सुरात तो म्हणाला, "गाणारे."

तिने हे मेइरिगला सांगितलं. चर्चची व्यवस्था तो तिच्याबरोबर बघायचा आणि वरच्या पट्टीत गायचा.

"बरं झालं की," मेइरिग म्हणाला. "आपल्याकडे वरच्या पट्टीचे गळे कमीच आहेत. एखादा उतरतो का खाली, विचार त्यांना."

तीही हसली. पुढच्या शनिवारी मात्र तिला फरशीवर मेणाचे थेंब दिसले. पिवळे, मधाचा वास येणारे, त्या रिकाम्या जागेच्या बरोबर खाली एका ओळीत पडलेले. चर्चमध्ये मेणबत्त्या होत्या त्या दुकानातल्या पांढऱ्या, आणि त्याही खिडक्यांत. तिने सुरीने थेंब खरवडून काढले.

जानेवारीत प्लगाइन असे, गाण्यांची संध्याकाळ. तिथे नावं पुकारत नाहीत, टाळ्या वाजवत नाहीत. एक चमू गाऊन बसला की शांतता पसरते, आणि ती शांतता हीच पुढच्यांना हाक. कुणीतरी उठतं आणि पुढे जाऊन गाऊ लागतं. साठ वर्षं इथेल त्या शांततेत आपल्या दोन भावांबरोबर उठला होता. भाऊ आता बाहेर दफनभूमीत, यूच्या झाडाखाली पुरलेले होते. यंदा इथेल गाणार नाही, असं तेगवेनने मेइरिगला हळूच सांगितलं आणि गाडीत बसून पोटभर रडून घेतलं.

प्लगाइनच्या आदल्या दिवशी तिने जिन्याचं कुलूप काढलं, दोन बादल्या काटक्या ओढून काढल्या, आणि दार तसंच उघडं ठेवून झाडायचं यंत्र सुरू केलं. पाव तास नुसता घरघराट. मग बटण बंद करून ती वाकून वायर गुंडाळू लागली.

चर्च एकदम शांत झालं.

ती सरळ झाली तेव्हा कांबळं बाकावर होतं, आणि भिंतीच्या आत पावलं वाजत होती.

तिच्या ध्यानात आलं, पण उशिरा. यंत्र थांबलं ती शांतता त्याला आपली पाळी वाटली होती.

ओरडावं तर तो दचकेल. ती पडद्याखाली धावली. वर कमानीत इथेल उभा होता, टाय नीट करत.

"इथेल, तिथेच थांब."

त्याने पाऊल पुढे टाकलं.

बूट लाकडावर वाजला.

चार पावलं. चारही लाकडावर वाजली. खालून तिला त्याच्या बुटांच्या तळांच्या खाचांतली माती दिसत होती.

तो बाकांकडे वळला, श्वास घेतला आणि गायला. सहाच्या सहा कडवी, तिघा भावांतली फक्त आपल्या वाट्याची, खर्जातली बाजू. तिला आवाज एकच ऐकू येत होता, पण चर्च भरून लोक गातात तेव्हा खिडक्यांच्या काचा थरथरतात, तशा त्या थरथरत होत्या. ती हात पसरून खाली उभी होती, पोर झाडावर चढलं की आई उभी राहते तशी.

मग चार पावलं परत, आणि दगडी पायऱ्या.

तिने त्याला मिठीत घेतलं, चाचपून पाहिलं. धडधाकट होता. त्याच्या कोटाला मधाचा वास येत होता. तीस वर्षं गणित शिकवलेल्या त्या बाईने रिकाम्या हवेकडे मान वर केली आणि मोठ्याने म्हटलं, "फार उपकार झाले तुमचे." तिला त्यात जराही ओशाळल्यासारखं वाटलं नाही.

दाराला कुलूप घालून ती त्याच्याशेजारी बसली. थर्मासमधला चहा ओतला, मनुकांच्या पावाचा तुकडा त्याच्या हातात दिला.

"तेगवेन," तो म्हणाला.

वर्षभरात पहिल्यांदा. तिचे डोळे भरून आले. आणखी काही मागण्यासारखं उरलं नाही, असंच तिला वाटलं.

"तुझ्याबद्दल विचारत होते," इथेल म्हणाला. "माणसं चांगली आहेत. सरकून जागा केलीय त्यांनी."

"तुझ्यासाठी?"

"छे. मला म्हणाले, तुला अजून वेळ आहे." त्याने तिच्या हातावर हात ठेवला. "तुझ्यासाठी."

मग त्याने पावाचा दुसरा तुकडा मागितला.