'घर' नावाची फाइल

रेकॉर्डिस्टला माऊसचा मनस्वी तिटकारा. काळ्या पडद्यावर एक ओळ टाइप केली की फाइल हलली, नाव बदललं.

"अहो, एक दिवस हात घसरेल," सहकारीण म्हणायची.

"हा माझ्या हातचा मळ आहे," हा हसून म्हणायचा.

त्या दुपारी ती जेवायला गेली आणि याने घरच्यांच्या आवाजाच्या फाइली आवरायला घेतल्या. स्वतःची, आईची, बायकोची आणि लेकीची. चिमणीचं पहिलं 'बाबा' त्यात होतं, आणि त्या एका शब्दावर याचा जीव. शेवटची फाइल मात्र घरातल्या शांततेची. बोलण्यातल्या फटी बुजवायला रेकॉर्डिस्ट अशी शांतता टिपून ठेवतात. तेव्हा याने सगळ्यांना बजावलं होतं, "मी 'बोला' म्हणेपर्यंत कोणी तोंड उघडायचं नाही." ते 'बोला' त्याने नंतर कापून टाकलं होतं.

एकेक फाइल त्याने 'घर' या फोल्डरमध्ये पाठवली. पडद्याने चकार शब्द काढला नाही. मग तो आत पाहायला गेला.

'घर' नावाचा फोल्डर तो करायलाच विसरला होता, आणि फोल्डर नसला की तीच ओळ फाइलचं नाव बदलते. प्रत्येक फाइलचं नाव 'घर' झालं होतं, आणि मागून आलेली आधीचीला पुसत गेली होती. उरली एकच, शांततेची. दुसरी प्रत कुठेच नव्हती.

त्याने घरी फोन लावला. चिमणीच झडप घालून उचलायची, 'बाबा' म्हणायची. आजही फोन उचलला गेला. पंखा कुरकुरला. नळाचा थेंब पडला. बाराव्या सेकंदाला खुर्ची करकरली, अगदी फाइलमध्ये करकरते तशी.

तो उठून धावत सुटला. "आज लवकर?" पहारेकऱ्याने विचारलं. याने नुसता हात हलवला.

दार उघडंच होतं. आई, बायको, चिमणी भिंतीला टेकून उभ्या होत्या, शांतता टिपली त्या दिवशी उभ्या होत्या तशाच. ओठ घट्ट मिटलेले. चिमणीच्या गालांवरून पाणी ओघळत होतं.

तिघी त्याच्या तोंडाकडे बघत होत्या.

त्याला आठवलं. त्याने छाती भरून श्वास घेतला आणि म्हटलं, 'बोला.'

पंखा कुरकुरला.

त्याने गळ्याच्या शिरा ताणून पुन्हा म्हटलं. ओठ हलले, पण त्याच्या स्वतःच्या कानांवरही तो शब्द आला नाही.

नळाचा थेंब पडला. रिकामी खुर्ची करकरली.

चिमणी अजून त्याच्या तोंडाकडेच बघत होती.