धनेशाच्या अंगावरचे काळे पट्टे

माझ्या वर्गातल्या नाझनीनचं चित्र बसस्थानकाच्या मोठ्या डिजिटल फलकावर झळकलं आणि माझ्या पोटात दुखायला लागलं. २०४७ साली आमच्या गावात यापेक्षा मोठा मान नव्हता. दर रविवारी बसच्या वेळांशेजारी शाळेतल्या एकाच मुलाचं चित्र दिवसभर दाखवत. चित्र मीही दिलं होतं. निवडला गेला तिचा धनेश पक्षी. "काय सुंदर चोच काढलीय!" जो तो म्हणत होता. मला ती चोच बघवेना.

नाझनीनची नानी पाचच्या बसने खास ते चित्र बघायला येणार होती.

काहीतरी खोट सापडेल म्हणून मी मोबाइलवर फोटो काढला. आणि सापडली! फोटोत धनेशाच्या अंगावर जाड काळे पट्टे होते. मी धावत वाहतूक नियंत्रक साळवीकाकांकडे गेले.

"काका, फलक बिघडलाय. हा बघा पुरावा!"

"अरे बापरे, आग-बिग लागायची!" म्हणत काकांनी फलक बंदच केला आणि बसच्या वेळा भोंग्यावरून सांगायला लागले. मला इतका आनंद झाला की सांगता सोय नाही.

तेवढ्यात फलकांची देखभाल करणारा यंत्रमानव फलकोबा आला. त्याने माझा फोटो पाहिला.

"मिथिला, हे पट्टे नुसत्या डोळ्यांना दिसले का?"

"नाही. फक्त फोटोत."

"मग फलक ठणठणीत आहे. त्यावर हजारो एलईडी (विजेवर उजळणारे चिमुकले दिवे) ओळींनी बसवलेत. ते सगळे एकदम पेटत नाहीत. काही ओळी पेटतात, विझतात, मग पुढच्या पेटतात. पंगतीत एकच वाढपी ओळीओळीने फिरतो ना, तसं. त्यामुळे कमी तारांत काम भागतं."

"पण मला तर चित्र सलग दिसतं!"

"कारण अशा फेऱ्या सेकंदाला शेकडो होतात. आणि तुझ्या डोळ्यांत दृष्टिसातत्य (उजेड गेल्यावरही तो क्षणभर दिसत राहणं) आहे. पहिली ओळ नजरेतून पुसली जाण्याआधीच ती पुन्हा पेटते. कॅमेरा मात्र कधीकधी एका फेरीहूनही कमी वेळ उजेड आत घेतो. तेवढ्यात ज्या ओळींची पाळी येत नाही, त्या फोटोत काळ्या."

"मग सुरू कर ना लवकर! पाचच्या बसने तिची नानी यायचीय!"

"ज्याने तक्रार केली त्यानेच ती मागे घ्यायची, असा इथला नियम आहे."

पाचला दहा मिनिटं होती. नाझनीन बाकावर बसून काळ्या फलकाकडे बघत होती. तिचे डोळे भरून आले होते. मला स्वतःचीच लाज वाटली.

"काका, फलक चांगला आहे," मी तिच्यासमोरच म्हणाले. "मी जळले हिच्यावर. म्हणून खोट शोधत होते."

काकांनी डोळे वटारले, पण बटण दाबलं. बस आली, नानी उतरली आणि फलकाखाली उभी राहून कितीतरी वेळ वर बघत राहिली.

मग नाझनीन माझ्याकडे आली. "दाखव तो फोटो."

मी दाखवला, फलकोबाने सांगितलेलं सगळं सांगितलं. ती विचारात पडली.

"म्हणजे डोळ्यांना दिसणारच नाही, फक्त कॅमेऱ्याला दिसेल, असं चित्र काढता येईल?"

"अजून कुणी काढलेलं मी पाहिलं नाही," फलकोबा म्हणाला. "करून बघूया की तिघं मिळून!"

मी लगेच हो म्हणाले. पण खरं सांगू? हा प्रश्न मला का नाही सुचला, म्हणून पोटात पुन्हा दुखायला लागलं होतं.