लवूची दुपारपाळी

टायफॉईडमधून उठलेल्या माणसाने दोन घास जास्त खावेत आणि गप पडावं. पण लवूच्या पायांना चैन कुठली! बायको, शांता, रेशनच्या रांगेला गेली तशी त्याने खुंटीवरची चावी काढली, जिन्याखालची सायकल बाहेर घेतली आणि शिवडीच्या टेकडीकडे निघाला. मडगार्ड काढून, जाड टायर चढवून त्याने ती खास टेकडीसाठी बनवली होती. गिरण्यांचा संप लागल्यापासून तो आणि त्याचा दोस्त कुशाबा रोज तिथे खडकांतून सायकली उडवायचे. काम नाही, तर अंगातली रग जिरवायची कुठे?

दोन महिने तो अंथरुणाला खिळलेला, सायकल कुलपात. तरी टायरला ताजी माती होती, आणि सीटला गिरणीतल्या साच्याच्या तेलाचा वास येत होता.

टळटळीत दुपार. कोकणातली माणसं या वेळेला एकटीदुकटी रानात शिरत नाहीत, उगाच नाही. झाडाचं पान हलत नव्हतं. चढावर लवूची छाती भात्यासारखी चालली, पाय लटपटले आणि वळणावर तो धाडकन पडला. उजवा गुडघा सोलून निघाला. रक्त पुसत वर बघतो तर खडकावर कुशाबा बसलेला.

"काय रे कुशा, दोन महिन्यांत एकदा तरी बघायला यायचंस!"

कुशाबा बाजूला थुंकला. "आज लवकर निघालास पाळीला?"

"कसली पाळी?"

"रोज याच वाटेने उतरतोस ना, मिलच्या मागच्या दाराला? आम्ही इथे उपाशी मरतोय, आणि तू... फितूर साला!"

"अरे, मला कूस बदलता येत नव्हती! शांताला विचार..."

"विचारलं. मान खाली घालून बसली."

कुशाबा निघून गेला. लवूला रडूच फुटलं. एका ताटात जेवलेला माणूस, त्याने असं बोलावं! सायकल ढकलत तो चाळीत आला तर गॅलरीतल्या बायांनीही तोंडं फिरवली. आता शांतानेच चारचौघांत खरं सांगायला हवं होतं.

शांता दारातच उभी होती, हातात डबा.

"अहो, सायकल तुम्ही का नेलीत? पाळीची वेळ झाली, ते खोळंबलेत."

"कोण?"

"हळू बोला..." तिने डोळ्यांना पदर लावला. "पोरांच्या पोटाला संप कळतो होय? तुम्ही तापाने फणफणलेले. ते आले, हुबेहूब तुमच्यासारखे, तुमचा सदरा चढवला, कामाला गेले... मी नाही म्हटलं नाही."

"आणि माझं नाव मातीत गेलं, ते? तू, शांता... तू?"

तिने नुसतं आत बोट दाखवलं.

आत मोरीजवळ कुणीतरी पाठमोरं वाकलं होतं. अंगात लवूचा सदरा, केसांत कापसाची पांढरी पिंज. पायावर तांब्याने पाणी ओतता ओतता, न वळता, त्याने चावीसाठी हात मागे केला.

मोरीतलं पाणी लाल झालं होतं. त्याचा उजवा गुडघा सोलून निघाला होता.

लवूने घाबरून स्वतःचा गुडघा पाहिला. तिथे साधा ओरखडाही नव्हता.