बाबांचा फोन, दुसऱ्या कडव्यानंतर

पहिल्याच भेटीत तिने त्याच्या कामाचा विचका केला. बँडची गायिका आजारी, म्हणून ही ऐनवेळी स्टुडिओत गायला आलेली. गाणं रंगात आलं आणि स्पीकरमधून खर्रर्र... खर्र-खर्र!

काचेपलीकडचा रेकॉर्डिस्ट कपाळाला हात लावून बाहेर आला. "मोबाइल कोणाचा?"

"माझा... बाबांचा फोन आहे. पोचलीस का, विचारतात. दर पंधरा मिनिटांनी."

"पोचलेल्या माणसाला?"

"घड्याळं दुरुस्त करतात ते. मिनिट इकडचं तिकडे होत नाही. फोन बंद केला, तर स्वतःच येतील!"

तो हसला. गालाला खळी पडली. पुढची ओळ ती साफ विसरली.

रेकॉर्डिंगमधली ती खरखर त्याने पुसली नाही. "ऐका तर... तालात आहे," म्हणाला. मग रोज संध्याकाळी दोघं एका बाकावर बसून त्यावर गाणं रचू लागले, मुलीची वाट पाहत दारात उभ्या बापाचं. बाक लांब होता, तरी मधलं अंतर दिवसेंदिवस कमीच होत गेलं.

मग बँडला महिनाभराचा दौरा मिळाला, आणि गायिका म्हणून आता तीच हवी होती. बाबा म्हणाले, "चिमणे, नाही म्हणजे नाही."

"आधी एकदा ऐका तरी."

रविवारी दुपारी बँडच्या कार्यक्रमाला बाबा पहिल्या रांगेत बसले, मांडीवर तिचा स्वेटर घेऊन. ड्रम कडाडले, गिटार किंचाळली. तिने दारात उभ्या बापाचं गाणं आभाळाला पोचेल असं म्हटलं. दुसरं कडवं संपलं. आता बाबांच्या दर पंधरा मिनिटांच्या फोनची खरखर हवी होती... पण मुलगी डोळ्यांसमोर असताना बाप फोन कशाला करेल? एवढी साधी गोष्ट दोघांच्याही ध्यानात आली नव्हती! रेकॉर्डिस्टचा चेहरा पांढराफटक पडला.

ती माइकशी वाकली. "बाबा... फोन करा ना."

बाबांनी नंबर लावला. खर्रर्र... खर्र-खर्र! ड्रमने तो ताल उचलला, सारं सभागृह उभं राहिलं.

"पोचले, बाबा!" ती गायली.

बाबांनी स्वेटरनेच डोळे पुसले.

कार्यक्रमानंतर ते म्हणाले, "जा दौऱ्यावर. पण तासाला एक फोन."

"दिवसाला एक."

"...बरं."

रेकॉर्डिस्ट घाईघाईने पुढे आला. "काका, मी तिला नीट घरी पोचवीन. म्हणजे... जन्मभर, ती हो म्हणाली तर—"

बाबांनी त्याचं मनगट धरून पाहिलं. "तुझं घड्याळ चार मिनिटं मागे आहे."

"असू दे, बाबा," स्कूटरची किल्ली बोटावर फिरवत ती म्हणाली. "याला मीच पोचवते. चल रे, बस मागे!"